चुंबकी नॅनोकण पीएलजीएत भरताना: नव्या विद्यार्थ्यासाठी लोहाचा हिशोब

प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की मी त्याला पहिल्याच दिवशी विचारते, "तुझे हे कण शरीरात जाऊन नक्की काय करणार आहेत?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: औषध नेतील, चुंबकाने ओढले जातील, गरम होऊन कर्करोगाची गाठ नष्ट करतील आणि एमआरआयमध्येही दिसतील. उत्साह चांगलाच आहे. पण एकाच कणाकडून ही चारही कामं नीट होत नाहीत, आणि हे सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

हा लेख रसायनशास्त्र, फार्मसी किंवा मटेरियल सायन्सच्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना लोह ऑक्साइडचे चुंबकी कण शरीरात विरघळून जाणाऱ्या पॉलिमरमध्ये, इथे मुख्यतः पीएलजीएमध्ये, बसवायचे आहेत. कृती देतेच, पण माझा खरा भर हिशोबावर आहे. किती लोह घातलं, त्यातलं किती पॉलिमरमध्ये बसलं, किती धुण्यात गेलं आणि शेवटी शरीरात किती जाणार, हे आकडे ज्याच्या वहीत आहेत त्याचं काम पुढे सरकतं.

आधी काम ठरवा, मग उलट मोजत या

एमआरआयसाठी लोह थोडं पुरतं. ते असतं तिथे प्रतिमा काळी पडते, त्यामुळे कण एकसारखे आणि सुटे असणं जास्त महत्त्वाचं. उष्णता निर्माण करायची असेल तर मात्र लोह भरपूर लागतं आणि पॉलिमर जितकं कमी तितकं बरं. हाडासाठी आधार-जाळी किंवा पातळ पापुद्रा करायचा असेल तर काम तुलनेने सोपं, कारण तिथे कणांना रक्तातून प्रवास करायचाच नसतो.

सगळ्यात मोहात पाडणारं काम म्हणजे बाहेरून चुंबक धरून औषध गाठीपर्यंत नेणं. इथे एक गोष्ट मनात पक्की करा. कणाला नुसतं चुंबकी क्षेत्र ओढत नाही, क्षेत्रातला उतार (जागेनुसार त्याचं कमी-जास्त होणं) ओढतो. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर कण जागच्या जागी फिरेल, सरकणार नाही. आणि हा उतार चुंबकापासून दोन-चार सेंटीमीटर दूर गेलं की झपाट्याने मावळतो. १९९६ मध्ये बर्लिनच्या गटाने १४ रुग्णांवर चुंबकी औषधवहनाची पहिली मानवी चाचणी प्रसिद्ध केली, ती शरीराच्या पृष्ठभागाजवळच्या गाठींवर होती, आणि तरीही काही कण यकृतात पोचलेच. त्वचेजवळची गाठ, सांधा, डोळा अशा जागांसाठी ही कल्पना करून पाहण्यासारखी आहे. स्वादुपिंडासाठी बाहेरचा चुंबक, असं प्रस्तावात लिहिण्याआधी उताराचं गणित करा.

लोह ऑक्साइड शरीराला चालतं का, हा प्रश्न घरचेसुद्धा विचारतात. फेरुमॉक्सिटॉल हे कर्बोदकाचं आवरण असलेलं लोह ऑक्साइड अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं, मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी. त्याच्या एका मात्रेत ५१० मिलिग्रॅम लोह असतं. आपल्या शरीरात एकूण लोहच ३ ते ४ ग्रॅम, त्या मानाने ही मात्रा मोठी. शरीर हे लोह फोडून फेरिटिन या प्रथिनात साठवतं आणि पुढे रक्तासाठी वापरतं. पण २०१५ मध्ये त्याच औषधावर तीव्र अॅलर्जीचा ठळक इशारा छापावा लागला. तेव्हा "लोह आहे, म्हणजे सुरक्षित" असं कधी लिहू नका. आवरण कसलं आहे आणि ते किती वेगाने शिरेत सोडलं, यावर बरंच अवलंबून असतं.

कण लहान का हवेत

सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट, म्हणजे आपलंच चुंबकी लोह ऑक्साइड, असतं. लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राची जी दिशा त्यात गोठली, ती साडेसहा कोटी वर्षांनंतर आजही मोजता येते. हेच मॅग्नेटाइट १० नॅनोमीटरचं केलं की त्याची ही स्मृती पुसली जाते. खोलीच्या तापमानाची ऊब त्याची चुंबकी दिशा क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात उलटीपालटी करत राहते. चुंबक जवळ आणला की कण चुंबकी, बाजूला केला की तो जणू चुंबकी नव्हताच. यालाच सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. दिशा उलटण्याच्या या वेळेला ज्यांचं नाव दिलं जातं त्या लुई नील यांना १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याला हे विस्मरणच हवं असतं. कण चुंबकी राहिले तर एकमेकांना चिकटतील, गुठळी होईल, आणि गुठळी रक्तवाहिनीत परवडत नाही. साधारण २० नॅनोमीटरच्या आत राहा.

मॅग्नेटाइट तयार करणे

नव्या माणसाने सह-अवक्षेपणाने सुरुवात करावी. रने मासार यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि पाण्यात होते. फेरस एक भाग, फेरिक दोन भाग, त्यात अल्कली.

१ ग्रॅम मॅग्नेटाइटसाठी फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.३४ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.८६ ग्रॅम लागतं. आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. रेणुभार २७०.३, १९८.८ आणि २३१.५ धरून स्वतः काढा. हा हिशोब ज्याला जमला त्याला पुढचे सगळे जमतात.

वजन करण्याआधी फेरस क्लोराइडची बाटली उजेडात धरून बघा. ताजे स्फटिक फिकट हिरवे दिसतात. पिवळट-तपकिरी झाले असतील तर त्यातला काही भाग आधीच फेरिक झालेला आहे आणि तुमचं एकास दोन प्रमाण कागदावरच राहणार. बाटली बदला.

१०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी उकळून घ्या, नायट्रोजनचे बुडबुडे सोडत थंड करा आणि अर्धा तास बुडबुडे चालू ठेवा. दोन्ही क्षार विरघळवा, नायट्रोजन बंद न करता ८० अंशांपर्यंत नेऊन जोरात ढवळत २५ टक्के अमोनियाचं १० मिलिलिटर द्रावण एकदम ओता. नारिंगी द्रावण पापणी लवायच्या आत काळंकुट्ट होतं. कितीही वेळा पाहिलं तरी मला ते बघायला आवडतं. फ्यूम हूडमध्येच करा, अमोनिया डोळ्यांना फार झोंबतो.

रंग नीट बघा. काळा म्हणजे मॅग्नेटाइट. तपकिरीकडे झुकला तर हवा शिरली आणि मॅगहेमाइट (लोहाचं दुसरं ऑक्साइड) होतंय. तेही चुंबकी असतं, काम अगदीच बुडत नाही, पण वहीत तसं लिहा. विटकरी लाल दिसलं तर ती बॅच टाकून द्या.

आता ढवळण्याबद्दल. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सवयीने मॅग्नेटिक स्टररवर चंचू ठेवला आणि आत पांढरी टेफ्लॉनची गोळी टाकली. तासाभराने गोळी चिमट्याने बाहेर काढली तर तिला दोन्ही टोकांना काळी केसाळ दाढी फुटलेली. माझं निम्मं उत्पादन त्या गोळीवर होतं. ते खरवडून परत घेतलं ही त्याहून मोठी चूक, कारण त्या गुठळ्या पुढे कितीही सोनिकेशन (ध्वनिलहरींनी कण सुटे करणं) करून सुटल्या नाहीत आणि तीन आठवडे मी पॉलिमरला दोष देत राहिले. इथे वरून फिरणारा ओव्हरहेड स्टररच वापरा, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या पात्याचा. पुढे इमल्शन (पाण्यात तेलकट थेंबांचं मिश्रण) ढवळतानाही तोच. चमचे, चिमटे प्लॅस्टिकचे ठेवा.

ओलिक आम्लाचा कोट

ही पायरी वगळायचा मोह होतो, म्हणून कारण सांगते. उघड्या मॅग्नेटाइटला पाणी आवडतं. पीएलजीए विरघळलेलं असतं तेलकट द्रावकात. दोन्ही पाण्यात हलवले की कण पॉलिमर सोडून पाण्यात निघून जातात आणि हाती रिकामे पीएलजीए गोळे उरतात.

अमोनिया घालून झाल्यावर त्याच गरम मिश्रणात साधारण ०.४ ग्रॅम ओलिक आम्ल थेंबथेंब सोडा आणि अर्धा तास ढवळत ठेवा. गार झाल्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पीएच ५ च्या आसपास आणा. कण पाणी सोडून काजळ आणि तुपाच्या गोळ्यासारखे एकत्र येतात. चंचूच्या तळाशी निओडिमियमचा चुंबक धरा, वरचं पाणी ओता, इथेनॉलने तीन-चारदा धुवा. जास्तीचं ओलिक आम्ल राहिलं तर पुढे इमल्शन बिघडवतं.

तपासणी सोपी आहे. चिमूटभर कण डायक्लोरोमिथेनमध्ये टाका. गडद कॉफीसारखं एकजीव द्रावण झालं आणि तासाभरात तळाशी काही बसलं नाही, तर कोट लागला. इथे चुंबक धरला की कण खाली न येता सगळं द्रावणच एका बाजूला झुकतं. बिघडलं असं समजू नका, हेच फेरोफ्लुइड.

निओडिमियमचे चुंबक दिसतात छोटे, पण दोन चुंबकांमध्ये बोट सापडलं तर रक्त निघतं. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका.

कोणतं पॉलिमर

नवख्याने पीएलजीए घ्यावं असं माझं मत. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून झालेलं हे पॉलिमर पाण्याने तुटतं आणि तीच आम्लं परत देतं. याच घराण्यातले टाके शल्यचिकित्सेत १९७० च्या दशकापासून वापरात आहेत, आणि ल्युप्रोलाइड हे संप्रेरकाचं औषध पीएलजीएच्या सूक्ष्म गोळ्यांतून १९८९ पासून दिलं जातं. ५०:५० प्रमाणाचं पीएलजीए साधारण एक-दोन महिन्यांत विरतं. लॅक्टिकचा वाटा वाढवला की वेळ वाढतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन दोन वर्षं आणि त्याहून जास्त टिकतं, साठ अंशांना वितळतं, त्यामुळे जाळी आणि तंतूंसाठी सोयीचं. कायटोसान स्वस्त, लायसोझाइम या विकराने तुटणारं, पाण्यात काम होतं.

अल्जिनेटबद्दल एक सावधगिरी. कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब टाकून काळे मणी करायला मजा येते आणि हात बसवायला ते छान आहे. पण सस्तन प्राण्यांकडे अल्जिनेट तोडणारं विकर नाही. कॅल्शियम निघून गेलं की मणी विरघळतो, रेणू मात्र तुटत नाही. "विघटनशील" हा शब्द तिथे जपून वापरा.

पीएलजीएची बाटली उणे २० अंशांत ठेवतात. फ्रीझरमधून काढल्या काढल्या झाकण उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात थंड बाटली उघडली की आत दव जमतं, आणि तुमचं पॉलिमर शरीराआधी बाटलीतच तुटायला लागतं.

कण पॉलिमरमध्ये बसवणे

१०० मिलिग्रॅम पीएलजीए आणि २० मिलिग्रॅम कोट केलेले कण ३ मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये. वेगळ्या चंचूत १ टक्का पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), २० मिलिलिटर. पीव्हीए गार पाण्यात भुरभुरून मग गरम करा. थेट गरम पाण्यात टाकलं तर पिठाच्या गुठळ्यांसारखं होतं.

तेलकट भाग पीव्हीएत ओता, चंचू बर्फात ठेवा आणि प्रोब सोनिकेटर थांबत थांबत दोन मिनिटं चालवा. बर्फ हवाच. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या आतच उकळतं. फेस आला तर प्रोब वर आलाय, खाली घ्या. शेवटी चॉकलेट घातलेल्या दुधासारखं दिसायला हवं. भिंतीवर काळे ठिपके चिकटले असतील तर ते न बसलेले कण आहेत.

हूडमध्ये रात्रभर ढवळत द्रावक उडू द्या. औषधात डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएमपेक्षा जास्त राहू नये अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. इथाइल अॅसिटेटला ती ५००० पीपीएम आहे, म्हणून हात बसल्यावर तिकडे वळा.

मग धुणं. आधी हळू वेगाने फिरवून मोठ्या गुठळ्या काढा, मग जोरात फिरवून पेलेट मिळवा, पाण्यात सोडा, पुन्हा फिरवा, असं तीनदा. धुतलेलं प्रत्येक पाणी फेकू नका, लेबल लावून ठेवा, हिशोबाला लागेल. शेवटी ५ टक्के ट्रेहॅलोज या साखरेच्या द्रावणात गोठवून सुकवा. एक छोटा भाग साखर न घालता वेगळा सुकवा, नाहीतर वजनात साखर किती आणि कण किती हे कधीच कळणार नाही.

हिशोब

साखर नसलेली पूड घ्या. समजा तिच्या वजनावरून अख्ख्या बॅचची, साखर सोडून, ८० मिलिग्रॅम पूड निघते. त्यातली थोडी टीजीएमध्ये (तापवता तापवता वजन मोजणारं उपकरण) हवेत ६०० अंशांपर्यंत तापवली आणि १२.४ टक्के उरलं. हे उरलेलं मॅग्नेटाइट नाही. हवेत त्याचं लाल हेमाटाइट झालं आणि ऑक्सिजन घेऊन वजन साडेतीन टक्क्यांनी वाढलं. १२.४ ला १.०३५ ने भागा, १२ टक्के. ८० चे १२ टक्के म्हणजे ९.६ मिलिग्रॅम. घातले होते २० (त्यात थोडं ओलिक आम्लही होतं, कोट केलेल्या कणांची स्वतंत्र टीजीए केली की तेही वजा होतं). म्हणजे निम्म्याच्या आसपास बसलं. उरलेलं कुठे गेलं? जपून ठेवलेल्या पाण्यात आणि भिंतीवरच्या ठिपक्यांत. तिथेही मोजा. बेरीज २० च्या जवळ आली नाही तर कुठेतरी चुकलंय.

आता चुंबकत्व. मॅग्नेटाइटच्या मोठ्या तुकड्याचं संपृक्त चुंबकत्व सुमारे ९२ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅम असतं. असे छोटे कण बहुतेक वेळा त्याहून बरंच कमी देतात. तुमच्या नुसत्या कणांचं ६५ आलं असं धरू. १२ टक्के लोह ऑक्साइड असलेल्या पुडीचं ६५ च्या १२ टक्के, म्हणजे ७.८ यायला हवं. व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणारं उपकरण) ७.५ आलं तर दोन वेगळ्या उपकरणांनी एकच गोष्ट सांगितली. ३ आलं तर कण गंजले किंवा टीजीएचा नमुना बरोबर नव्हता. विद्यार्थी ७.५ बघून नाराज होतात, "मॅडम, चुंबकत्व पडलं." पडलं नाही. पॉलिमरचं वजन भाजकात आलं. आलेख प्रति ग्रॅम पूड आहे की प्रति ग्रॅम मॅग्नेटाइट, हे अक्षावर लिहा.

बाकी तपासण्या तुम्हाला ज्येष्ठ विद्यार्थी दाखवतीलच. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) तांब्याच्या किरणांनी ३५.५ अंशांजवळचं शिखर सगळ्यात उंच हवं. डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून मोजलेला) आकार टीईएमपेक्षा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापेक्षा) मोठा येतो. डीएलएस मोठ्या कणांना फारच झुकतं माप देतं, म्हणून चार गुठळ्यांनीही आकडा बिघडतो. कॉलेजात ही उपकरणं नसतील तर आयआयटी मुंबई किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या सैफ (विश्लेषण उपकरणांच्या) केंद्रात नमुने पाठवता येतात. कोरडी पूड आणि द्रावण दोन्ही पाठवा.

उष्णतेचं काम असेल तर

नमुना बदलतं चुंबकी क्षेत्र देणाऱ्या तारेच्या गुंडाळीत ठेवून पहिल्या काही सेकंदांतला तापमानाचा चढ मोजतात. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम मॅग्नेटाइट असताना तापमान सेकंदाला ०.०२ अंशाने चढलं तर ४.१८ (पाण्याची उष्माधारकता) गुणिले ०.०२ भागिले ०.००१, म्हणजे सुमारे ८४ वॉट प्रति ग्रॅम. धातूचा थर्मोकपल वापरू नका, तो स्वतःच तापतो. फायबर ऑप्टिक सेन्सर हवा.

गुंडाळीची शक्ती हवी तितकी वाढवता येत नाही. क्षेत्र आणि वारंवारता यांच्या गुणाकाराला १९८४ मध्ये माणसांवरच्या अनुभवातून एक मर्यादा सुचवली गेली: ४८.५ कोटी अँपिअर प्रति मीटर प्रति सेकंद. एक लाख हर्ट्झवर काम केलं तर क्षेत्र ४८५० अँपिअर प्रति मीटरच्या आसपास थांबतं. लहान भागासाठी पुढे ही मर्यादा सैल धरली गेली, पण याच्या दसपट-वीसपट क्षेत्रात मिळालेला आकडा रुग्णाच्या कामाचा नाही.

आणि पॉलिमर इथे आडवं येतं. पाण्यात सुटा असलेला कण स्वतः गरगर फिरूनही उष्णता देतो. पीएलजीएत घट्ट बसला की तो मार्ग बंद होतो, फक्त आतली चुंबकी दिशा उलटण्याचा उरतो. शिवाय गाठीसाठी ४२ ते ४५ अंश हवेत, आणि पीएलजीए ४५ ते ५० ला मऊ पडतं, भिजल्यावर त्याहूनही खाली. आत औषध असेल तर ते याच वेळी सुटतं. काही जण याचाच उपयोग करून घेतात. तुम्हाला नको असेल तर आधीच जपा.

पेशींवर टाकण्याआधी

आयएसओ १०९९३-५ प्रमाणे जिवंत पेशी ७० टक्क्यांखाली गेल्या तर पदार्थ विषारी धरतात. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी जितक्या जास्त, तितका जांभळा रंग गडद) एक फसवणूक आहे: लोह ऑक्साइड स्वतःच ५७० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. जांभळा रंग आणि काळे कण मिळून वाचन वाढतं आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी नसलेल्या, फक्त कण असलेल्या विहिरी (प्लेटमधले छोटे खळगे) प्रत्येक प्लेटवर ठेवा, आणि वाचण्याआधी प्लेट चुंबकावर ठेवून वरचं द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्या.

ऑटोक्लेव्ह नाही. १२१ अंशांना पीएलजीएचा डिंक होतो. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलं तर गाळल्यानंतर लोह परत मोजा. मोठे कण गाळणीतच अडकतात. पुढे प्राण्यांवर जायचं तर नैतिक समितीची परवानगी आधी, आणि भारत सरकारने २०१९ मध्ये काढलेली नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा.

विघटनाची चाचणी आजच लावा

याला आठ आठवडे लागतात, म्हणून हे शेवटी ठेवू नका. पहिली बरी बॅच निघाली त्याच दिवशी १० मिलिग्रॅमच्या बारा वायल फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांवर, हळू हलत्या शेकरवर ठेवा. दर आठवड्याला एक काढा. पीएच बघा, कण चुंबकाने आणि सेंट्रिफ्यूजने वेगळे करा, वजन घ्या. उरलेल्या वायल राखीव; एखादी सांडतेच.

पीएच घसरायला लागला की समजा आत आम्ल साठतंय. ते आम्ल पॉलिमर तोडायचा वेग वाढवतं आणि मॅग्नेटाइटही विरघळवतं. सुटलेलं लोह मोजायला फिनँथ्रोलिन वापरतात, नारिंगी रंग येतो, ५१० नॅनोमीटरला वाचायचा. पण बफरमधला फॉस्फेट लोहाला धरून खाली बसतो. वरचं स्वच्छ पाणी तेवढं घेतलं तर "लोह शून्य" येईल आणि तुम्ही खूश व्हाल. म्हणून दर वेळी दोन गोष्टी करा. वरच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, मग हायड्रॉक्सिलअमाइनने फेरिकचं फेरस करून मोजा. आणि वेगळे केलेले कण धुऊन पूर्ण आम्लात विरघळवून त्यांच्यातलं लोहही मोजा. वायलच्या तळाशी फिकट पिवळसर साका दिसला तर तो कणांत मिसळू न देता वेगळा घ्या, त्याची नोंद तारखेसह करा, आणि त्या वायलची बेरीज पहिल्या आठवड्याच्या बेरजेशी ताडून बघा.